सूर्य मावळल्यावर पंप कशावर चालणार? अ‍ॅक्वापोनिक्ससाठी ऑफ-ग्रिड सोलरचं गणित

शेतातल्या सौर कृषी पंपाला सहसा बॅटरी नसते. ऊन आहे तोवर तो विहिरीतून पाणी उपसतो, संध्याकाळी थांबतो, आणि पिकाचं त्यात काही बिघडत नाही. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये ही सवलत मिळत नाही.

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढवणं. माशांमुळे पाण्यात अमोनिया येतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते रोपं शोषून घेतात आणि पाणी पुन्हा टाकीत येतं. पंप थांबला की रोपं काही तास तग धरतात. माशांचं तसं नाही, कारण सगळ्यात आधी संपतो तो ऑक्सिजन. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. टाकीत मासे दाट असतील तर तासाभरातही ते वर येऊन तोंडं उघडू लागतात.

बॅटरी किती मोठी हवी?

समजा, ४० वॅटचा पंप २४ तास चालवायचा आहे. रोजचे ९६० वॅट-तास झाले, म्हणजे जवळपास एक युनिट. दिवसाला पाच तास चांगलं ऊन आणि ३० टक्के वीज वाया जाईल असं धरलं, तर २७५ वॅटचं पॅनल पुरतं. पावसाळ्यासाठी ते आणखी मोठं घ्यावं लागतं, पण खरा खर्च पॅनलचा नाहीच, बॅटरीचा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. यात एक रात्र निघते. जुलैत दोन दिवस सूर्य दिसलाच नाही, तर अशा तीन बॅटऱ्या लागतील.

म्हणून हवेचा पंप वेगळा ठेवणं शहाणपणाचं. १० वॅटचा हवेचा पंप त्याच एका बॅटरीवर ९० तास चालतो. खडीचे वाफे असतील तर पाण्याचा पंप रात्री टायमरवर, तासाला १५ मिनिटं चालवला तरी भागतं, कारण ओल्या खडीत जिवाणू जगतात.

मात्र दोन्ही पंप एकाच बॅटरीला जोडू नयेत. बॅटरी फार उतरली की चार्ज कंट्रोलर जोडलेली सगळी उपकरणं एकदम बंद करतो, आणि हे बहुतेक वेळा पहाटेच होतं. शक्यतो दोन्ही पंप डीसी घ्यावेत, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज वाचते. आणि आभाळ भरून आलेल्या दिवशी माशांना खाद्य कमी टाकावं, कारण खाल्ल्यावर त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो.