गणिताचे भय आणि प्रौढ विद्यार्थी



दिवसभर नोकरी किंवा घरकाम करून संध्याकाळी रात्रशाळेच्या बाकावर येऊन बसणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कोणाला बढतीसाठी परीक्षा द्यायची असते, कोणाचे लहानपणी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे व्हायचे असते. वय तीस, चाळीस, क्वचित पन्नासही. भाषा आणि इतिहास हे विषय ही मंडळी आवडीने ऐकतात. गणिताचा तास सुरू झाला की मात्र त्याच माणसांच्या तळहातांना घाम सुटतो आणि शिक्षकांनी आपल्याला विचारू नये म्हणून नजर वहीत खाली जाते. घरी गेल्यावर ती म्हणतात, "आमच्या डोक्यातच गणित नाही." आजच्या व्याख्यानात या एका वाक्याचा इतिहास पाहावा, असा आमचा विचार आहे. हे वाक्य खरे आहे काय? आणि खरे नसेल, तर ते माणसाच्या तोंडी आले कोठून?

आरंभ एका अशा गृहस्थापासून करू, की ज्यांचे नाव आपल्या शिक्षणाच्या इतिहासात वारंवार येते. थॉमस मेकॉले हे १८१८ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. वाचन अफाट, स्मरणशक्ती विलक्षण. कवितेसाठी विद्यापीठाचे पदक त्यांनी दोनदा मिळविले. परंतु त्या काळी केंब्रिजमध्ये सन्मानाची पदवी गणिताच्या परीक्षेतूनच मिळे. मेकॉले यांना गणिताचा मनस्वी तिटकारा होता. १८२२ साली ते त्या परीक्षेत सन्मानाच्या यादीत येऊ शकले नाहीत. साध्या पदवीवरच त्यांना समाधान मानावे लागले. या माणसाला बुद्धी नव्हती, असे कोण म्हणेल? तथापि परीक्षेच्या त्या यादीपुरते पाहिले तर बुद्धिमान मेकॉले आणि एखादा मठ्ठ विद्यार्थी यांत फरक उरला नव्हता.

आमचा पहिला मुद्दा येथेच आहे. गणित हे शास्त्र फार जुने आहे, पण गणित हा दरवाजा फार जुना नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. पंतोजींची छडी होती आणि तिची भीतीही होती. जुन्या शाळेचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु दिडकी न आलेल्या मुलाला कोणी पुढे आयुष्यभर नापासाचा दाखला देत नसे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, प्रवेशपरीक्षा सुरू झाली, आणि तीत गणित आवश्यक ठरले. त्या परीक्षेच्या पलीकडे सरकारी नोकरी, वकिली आणि प्रतिष्ठा होती. म्हणजे गणित आता केवळ हिशेबाचे साधन उरले नाही, ते नाक्यावरचा पहारेकरी झाले. ज्यांनी मराठी कादंबरीला वळण लावले त्या हरिभाऊ आपट्यांचेही गणिताशी जमले नाही आणि ते पदवीविनाच राहिले. पहारेकऱ्याची भीती वाटणे हे स्वाभाविक आहे. ती आकड्यांची भीती नव्हे.

हा भेद आम्ही केवळ कल्पनेने करीत नाही. अमेरिकेत जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातील साध्या गृहिणींचा व गृहस्थांचा बाजारहाट प्रत्यक्ष बरोबर फिरून पाहिला. कोणती वस्तू स्वस्त पडते, हे ठरविण्यासाठी त्यांनी केलेले हिशेब शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर निघाले. त्याच माणसांना त्याच जातीची गणिते कागदावर परीक्षा म्हणून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शंभरांत एकोणसाठवर आले. १९८८ साली हे निष्कर्ष त्यांच्या पुस्तकात आले. डोके तेच होते आणि गणितही बहुतांशी तेच होते. बदलली ती जागा, आणि जागेबरोबर मनाची स्थिती. आपल्या मंडईत भाजीवाल्या बाईशी ज्याचा व्यवहार झाला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

या भयाला शास्त्रीय नाव मिळण्यास मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९५४ साली सिस्टर मेरी फिडीज गॉफ या अमेरिकन शिक्षिकेने आपल्या लेखात त्याला रोगासारखे नाव देऊन त्याची कारणे व उपाय मांडले. १९५७ साली ड्रेगर आणि एकेन या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत अंकांविषयीची धास्ती निराळी काढून मोजण्याचा प्रयत्न केला. १९७२ साली रिचर्डसन व सुइन यांनी अठ्ठ्याण्णव प्रश्नांची एक मोजपट्टीच तयार केली. नाव मिळाले म्हणजे दुखणे बरे होते असे नाही. पण "मी मठ्ठ आहे" या वाक्याच्या जागी "मला अमुक त्रास आहे" हे वाक्य म्हणता येते, हा लाभ थोडा नव्हे.

या भयाचा सामाजिक भुर्दंड किती असतो, हे १९७३ साली ल्यूसी सेल्स या बाईंनी दाखवून दिले. बर्कलेच्या विद्यापीठात नव्याने येणाऱ्या मुलांपैकी शंभरांत सत्तावन्न जणांनी शाळेत चार वर्षे गणित घेतलेले होते. मुलींपैकी शंभरांत केवळ आठ जणींनी. त्या चार वर्षांवाचून विद्यापीठातील बहुतेक शाखांचे दरवाजे बंद. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी भीतीने सोडलेला विषय पुढे सबंध आयुष्याची वाट ठरवीत होता. यानंतर दोनच वर्षांनी शीला टोबायस यांनी वेस्लियन विद्यापीठात गणिताचा एक दवाखाना उघडला. तेथे येणाऱ्याला प्रथम गणिताबरोबरच्या आपल्या आयुष्याची हकीकत सांगावयास लावीत: भीती कोणत्या वर्गात बसली, कोण काय बोलले, कोण हसले. उदाहरणे सोडविण्याची पाळी त्यानंतर येई. १९७८ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि हा विषय घरोघर पोचला.

इंग्लंडमध्येही असाच अनुभव आला. शाळांतील गणिताच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी कॉक्रॉफ्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८२ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी ब्रिजिड स्यूएल यांनी प्रौढांच्या मुलाखती घेण्याचे काम हाती घेतले होते. विषय गणित आहे असे कळताच, विचारलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी मुलाखतच नाकारली! जे बोलले त्यांतही आपल्याला योग्य रीतीने गणित येत नाही याची टोचणी फार होती. आणि ती उच्चशिक्षितांत विशेष तीव्र होती. भय आणि अज्ञान एकच असते, तर असे झाले नसते.

मग भयामुळे घडते काय? याचे उत्तर २००१ साली अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी दिले, आणि ते आपल्या शाळेतल्या एका साध्या शब्दाने सांगता येते: हातचा. दोन मोठ्या संख्यांची बेरीज करताना हातचा एक मनात धरून ठेवावा लागतो. मनातील ही धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते. "मला जमणार नाही, बाकीचे पुढे गेले, वेळ संपला" हे विचार त्याच जागेवर येऊन बसतात आणि हातचा बाहेर ढकलला जातो. उत्तर चुकते, चुकलेल्या उत्तराने भय वाढते, वाढलेले भय पुढचा हातचा खाते. आधीच्या प्रयोगांत असेही दिसले होते की, घड्याळाचा तगादा काढून घेतला म्हणजे भित्र्या व निर्भय विद्यार्थ्यांतील अंतर पुष्कळ कमी होते. २०१२ साली लायन्स व बायलॉक यांना तर असे आढळले की, मेंदूत वेदनेशी संबंधित भाग जागा होतो तो गणित करताना नव्हे, तर गणित आता येणार आहे या वाट पाहण्याने. उंबरठ्यावरचे दुःख घरातल्या दुःखापेक्षा मोठे असते, ते असे.

प्रौढ विद्यार्थ्याची अडचण यामुळेच अधिक कठीण आहे. लहान मुलाची एका तासाची भीती असते. प्रौढाची वीस वर्षे मुरलेली असते. शिवाय मुलाने फळ्यावर चूक केली तर ते मूल आहे म्हणून सोडून देतात. चार माणसांचा संसार चालविणाऱ्या बाईला अपूर्णांकाची बेरीज चुकल्यावर जी लाज वाटते, ती अन्य कोणाला कळणार? आपल्याकडे १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने प्रौढांसाठी एक दार उघडले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु दार उघडे असणे निराळे आणि उंबरठा ओलांडण्याचा धीर असणे निराळे.

तो धीर देता येतो, एवढे या इतिहासावरून निश्चित म्हणता येते. त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. प्रौढांच्या वर्गात घाईची चाचणी आधी नको. प्रथम त्यांच्या व्यवहारातला हिशेब घ्यावा, आणि तो त्यांना येतो हे त्यांच्याच नजरेस आणून द्यावे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली धास्ती कागदावर लिहून काढल्याने काही भित्र्या विद्यार्थ्यांची उत्तरे सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ते करून पाहण्यास पैसा पडत नाही. आणि चुकीला हसणे वर्गातून हद्दपार करावे. पहारेकरी काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. औषधाची मात्रा मोजणाऱ्याला गणित आलेच पाहिजे. पण आत येऊ पाहणाऱ्याला पहारेकऱ्याने दरडावलेच पाहिजे, असे कोठे आहे?

शेवटी पुन्हा मेकॉले. गणिताने ज्यांना अडविले, त्यांना १८२४ साली ट्रिनिटीने फेलो करून घेतले. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा होता. पुढे १८५४ साली हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची परीक्षा कशी असावी हे ठरविणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. तीत गणिताला एक हजार गुण होते. पण उमेदवाराने आपले विषय आपण निवडावे, अशी मोकळीकही होती. रात्रशाळेच्या बाकावर बसलेल्या बाईला दुसरा दरवाजा नाही. तिच्यापुढे तो एकच आहे. म्हणून ती उद्या "माझ्या डोक्यातच गणित नाही" असे म्हणाली, तर आपण मान डोलावू नये. तिला सांगावे, "बाई, गणित डोक्यात आहे, भीतीने हातचा तेवढा सुटला आहे. सावकाश पुन्हा मांडा."