राठोडीच्या जोशीबाई

डॉक्टर इंजेक्शनची सुई भरायला लागले की आमची आजी त्यांना बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, नाव ऐकून काही कळायचं अशातलाही भाग नाही. पण डॉक्टरने नाव उच्चारल्याशिवाय दंड पुढे व्हायचा नाही. कारण विचारलं की एका शब्दात उत्तर : "लागू."

पुण्याच्या पेठांमधल्या त्या पिढीच्या बायकांना डॉक्टर लागूचं हे प्रकरण तोंडपाठ होतं. काळ मोजायची त्यांची रीत म्हणजे पानशेतच्या पुराआधी आणि पुरानंतर. हे आधीचं. दुपारी गहू निवडताना विषय निघाला की वाद व्हायचा तो विषावरून. आजीच्या मते ते थर्मासमधल्या चहातून दिलं. शेजारच्या काकू केळ्यावर ठाम होत्या. आत्या इंजेक्शनची बाजू घ्यायची, ती शिकलेली म्हणून. तिघींनीही ते जणू डोळ्यांनी पाहिलं होतं. काका तेवढे मधे पडायचे नाहीत. ते शिवाजीनगर कोर्टात वकिली करत, आणि त्यांच्या कपाटात या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची प्रत होती. मी मोठा झाल्यावर त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बायका काय भांडतायत? विष सापडलेलंच नाही. कधीच नाही."

ती प्रत वाचली आणि थर्मास, केळं सगळं मागे पडलं. कागदावरची गोष्ट गव्हाच्या सुपाजवळच्या गोष्टीपेक्षा फारच थंड डोक्याची होती.

लक्ष्मीबाई कर्वे शुक्रवार पेठेतल्या. यजमान १९४५ साली गेले, मागे घर आणि बरीच मालमत्ता ठेवून. दोन मुलांपैकी एक १९५४ मध्ये वारला, दुसऱ्याशी धड पटत नव्हतं. त्यात क्षयाचं जुनं दुखणं आणि मधुमेह. अशा घरात डॉक्टरचं येणं-जाणं वाढतं. डॉ. अनंत चिंतामण लागू हा घरचा डॉक्टर. दुखण्याबरोबर व्यवहाराचे कागदही हळूहळू त्याच्या हातात गेले.

१२ नोव्हेंबर १९५६. दिवाळी नुकतीच झाली होती आणि वर्तमानपत्रं संयुक्त महाराष्ट्राने भरलेली होती. त्या रात्री लक्ष्मीबाई आणि लागू पुण्याहून पॅसेंजरने मुंबईला निघाले. निमित्त खरं होतं : दुसऱ्या दिवशी मुंबईत तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचं होतं. पॅसेंजर घाटातून रखडत जायची, रात्रभराचा प्रवास. पहाटे व्हीटीला गाडी लागली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डब्यातून त्यांना स्ट्रेचरवर उतरवलं.

व्हीटीच्या अगदी अंगाला सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे. काका इथे हमखास थांबायचे. "हाकेच्या अंतरावर दवाखाना, बाई बेशुद्ध, स्वतः डॉक्टर. आणि हा गेला कुठे, तर जीटीला." गोकुळदास तेजपाल हॉस्पिटल काही कोसभर लांब नाही, पण काकांचा मुद्दा मला आजही पटतो.

जीटीत पावणेसहाच्या सुमारास दाखल करताना नाव सांगितलं इंदुमती. माहेरच्या त्या इंदुमती पोंक्षे. केसपेपरवर आडनाव उतरलं पाउनशे. लक्ष्मीबाई नाही, कर्वे नाही, हातांतून सांडलेलं नाव. दुखणं काय, तर फिट येतात. मधुमेहाचं आणि क्षयाचं जे जे त्याला ठाऊक होतं, ते बेशुद्ध बाईच्या उशाशी उभं राहूनही त्याने सांगितलं नाही. अकराच्या सुमारास मोठे डॉक्टर फेरीवर आले, त्यांना मान ताठ वाटली, निदान जुळेना. बाई गेल्या तर पोस्टमॉर्टेम करा, असं ते सांगून गेले. साडेअकराला बाई गेल्या. पोस्टमॉर्टेमची नोंद नंतर खोडली गेली आणि मृत्यूचं कारण लिहिलं : मधुमेहातली बेशुद्धी.

लागू पुण्याला परतला. 'इंदुमती वारल्या, प्रेत न्यायची व्यवस्था करा' अशा अर्थाची दवाखान्याची तार शुक्रवार पेठेत त्याच्या पत्त्यावर आली. ज्या पेठेत त्या बाईंना ओळखणारी माणसं दारोदार होती, त्या पेठेत. त्याने उलट कळवलं की त्यांचे भाऊ कलकत्त्याहून येतील. असा कुणी भाऊ नव्हता. मोठ्या शहराच्या दवाखान्याइतकी एकाकी जागा दुसरी नसेल. तिथे माणूस गर्दीत पडून राहतो आणि कुणाचाच नसतो. घरदार, नातेवाईक, बँकेत खातं असलेल्या लक्ष्मीबाई कित्येक दिवस शवागारात बेवारस राहिल्या आणि वैद्यकीय कॉलेजात विद्यार्थ्यांच्या फाडकामासाठी जायला निघाल्या.

तिथे एका शिपायाच्या नजरेला मानेवर खूण दिसली. त्याने ती वरच्यांच्या कानावर घातली आणि देह परत फिरला. म्हणून २३ नोव्हेंबरला का होईना, पोस्टमॉर्टेम झालं. मानेच्या खुणेतून काही निघालं नाही, रासायनिक तपासणीत विष मिळालं नाही, आणि अंत्यसंस्कार उरकले गेले. पण बेवारस प्रेताचा फोटो काढतात, तसा तो काढलेला होता. सव्वा वर्षाने लक्ष्मीबाईंना त्यांच्या माणसांनी ओळखलं ते त्या फोटोवरून.

आणि ते सव्वा वर्ष? या भागावर आमच्या घरात कुणी फार बोलत नसे.

लक्ष्मीबाई यात्रेला गेल्या आहेत, असं आधी पसरलं. मग नातेवाइकांना, ओळखीच्यांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं यायला लागली. मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, जयपूरजवळ राठोडीला सुखात आहे, शोध करू नका, अशा मतलबाची. इकडे खोट्या सह्यांवर शेअर, बँकेतले पैसे एकेक करून लागूकडे वळत होते. पत्रं त्यानेच रचलेली. या माणसाला औषधांइतकीच पेठेची नाडीही कळत होती, असं मला ती वाचताना वाटलं. चाळिशी ओलांडलेल्या ब्राह्मण विधवेने १९५६ साली पुनर्विवाह केला म्हटल्यावर लोक काय करतील? तिच्या काळजीने जयपूरची गाडी धरतील, की दार लावून घेऊन कुजबुजतील? पुनर्विवाहासाठी भांडणारे सुधारक याच पुण्यात होऊन गेले, हे खरं. पण वाड्याच्या चौकापर्यंत ते पोचलेच असतील असं नाही.

तरी काही नातेवाईक गप्प बसले नाहीत. तक्रारी झाल्या, धागा जीटीच्या रजिस्टरपर्यंत पोचला आणि मार्च १९५८ मध्ये लागूला अटक झाली. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने ती उचलून धरली. सुप्रीम कोर्टात डिसेंबर १९५९ मध्ये तीन न्यायमूर्तींत दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला : विष सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला तर हुशार खुनी कायम सुटेल, आरोपीचं आधीचं आणि नंतरचं सगळं वागणं एकत्र पाहायचं. न्यायमूर्ती सरकार यांना मात्र विषप्रयोगच सिद्ध झालेला वाटला नाही; त्यांनी त्याला सोडलं असतं. काका वकील म्हणून न्यायमूर्ती सरकार यांच्या बाजूला झुकायचे, पण वाक्य पुरं करताना सूर बदलायचा : "तार हातात पडली आणि हा पेठेत गप्प राहिला ना, तिथे तो संपला."

प्रत वाचून झाल्यावर एकदा मी आजीला विचारलं, तुम्हाला ती लग्नाची बातमी तेव्हा कळली होती का?

"कळली होती की. सगळ्यांनाच."

"मग?"

"मग काय? आम्ही तिचं नाव घ्यायचं सोडलं." आणि तिने सूप पुढे ओढलं, काकूंना म्हणाली, केळ्याचं मला काही पटत नाही हो, मधुमेहाच्या बाईला डॉक्टर केळं कशाला देईल?