ग्रंथपाल घडवतो कोण? : भारतीय ग्रंथालयशास्त्रातील एका गुरुपरंपरेचा इतिहास

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधनपत्रिका आणि ६,३०० हून अधिक शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा विस्तार आहे. मोठ्या संस्थांपुरते मर्यादित असलेले वाङ्मय आता तालुक्याच्या गावातील शासकीय महाविद्यालयातही उघडता येईल, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु १३,००० पत्रिकांतून आपल्या प्रश्नाला उपयोगी पडणारे चार लेख शोधावेत कसे, हे विद्यार्थ्याला शिकवणार कोण? ‘ग्रंथपाल’ हे उत्तर मान्य केले, तर दुसरा प्रश्न उभा राहतो : त्या ग्रंथपालाला शिकवले कोणी? या दुसऱ्या प्रश्नाला भारतात शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

त्याचा प्रारंभ बडोद्यात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी संस्थानात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाने असाच वर्ग चालवला. त्यांच्या हाताखाली शिकलेले खलिफा मोहम्मद असदुल्ला पुढे कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी तेथे स्वतःचा प्रशिक्षणवर्ग काढला. शिष्याने पुन्हा गुरू व्हावे, ही रीत या व्यवसायात अशी प्रथमपासूनच दिसते.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शियाली रामामृत रंगनाथन. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयाच्या कामाचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील एक लेख वाचला, एवढीच तयारी. वर्गातल्या मुलांची सवय झालेल्या या माणसाला ग्रंथालयातील एकांत असह्य झाला आणि काही आठवड्यांतच त्यांनी आपल्याला अध्यापनाकडे परत पाठवावे, अशी विनंती केली. त्यावर तोडगा असा निघाला की, त्यांनी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकावे. परतल्यावरही मन रमले नाही, तर गणिताची जागा त्यांना पुन्हा मिळेल.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे शिक्षक लाभले. सेयर्स वर्गीकरण शिकवत. पण त्याचबरोबर ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. म्हणजे त्यांचे शास्त्र रोजच्या कामातून उगवलेले होते. रंगनाथन यांनी इंग्लंडमधील शंभरावर ग्रंथालये पाहिली. रूढ वर्गीकरणपद्धतींतील उणिवा त्यांना जाणवू लागल्या, स्वतःच्या पद्धतीचा आराखडा मनात आकार घेऊ लागला आणि परतीच्या बोटीवरील छोट्याशा ग्रंथसंग्रहावर त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला. गणिताकडे परत जाण्याचा विषय तेथेच संपला.

दुसरा गुरू मद्रासमध्येच होता. एडवर्ड रॉस हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील त्यांचे गणिताचे प्राध्यापक. १९२८ च्या सुमारास रंगनाथन ग्रंथालयाच्या साऱ्या व्यवहारामागे काही मूलतत्त्वे आहेत का, या विचारात अडकले होते. रॉस यांनी सहज बोलता बोलता पहिले तत्त्व एका वाक्यात सांगून टाकले : पुस्तक असते ते वापरण्यासाठी. उरलेली चार तत्त्वे त्यातून उलगडत गेली. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रास्ताविक लिहिले ते सेयर्स यांनी. एका गुरूने सूत्राचे टोक हाती दिले, दुसऱ्याने ग्रंथाची जगाला ओळख करून दिली.

रंगनाथन यांनी हे ऋण फेडले ते शिकवून. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये संघाने प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि १९३१ मध्ये विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला. पुढे बनारस आणि दिल्ली येथेही त्यांनी अध्यापन केले. १९५६ मध्ये त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, ते ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी. १९६२ मध्ये बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली ‘डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’ उभे राहिले. संशोधन आणि प्रशिक्षण हे दोन्ही शब्द त्या नावात शेजारी शेजारी आहेत. ए. नीलमेघन, गणेश भट्टाचार्य, एम. ए. गोपीनाथ यांच्यासारखे अभ्यासक तेथे काम करत करतच नावारूपाला आले.

या परंपरेत शिष्याला नेमके काय मिळत होते? प्रश्नाचे पैलू पाडण्याची दृष्टी. रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणाचे मर्म हेच आहे. ‘भारतातील भातपिकावरील किडींचे नियंत्रण’ हा विषय घ्या. त्यात पीक, उपद्रव, उपाय, देश आणि हवा असेल तर काळ, असे वेगवेगळे पैलू आहेत. ते सुटे करावयाचे आणि चिन्हांच्या साहाय्याने पुन्हा जोडावयाचे. संशोधनपत्रिकांच्या संगणकीय सूचीत आज विद्यार्थी विषय, वर्ष, देश असे निकष लावून निकाल गाळतो, तेव्हा तो याच विचाराच्या वाटेवर असतो. ही दृष्टी नियमावली पाठ करून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून शंभर विषयांचे पैलू पाडावे लागतात, चुकावे लागते, चूक का झाली हे ऐकावे लागते.

या परंपरेची एक दुर्बलताही नोंदवली पाहिजे. गुरू थोर असला की शिष्य त्याच्या शब्दाचे रक्षक होतात, त्याच्या पद्धतीचे परीक्षक होत नाहीत. द्विबिंदू वर्गीकरण अभ्यासक्रमात राहिले. ग्रंथालयांच्या कपाटांवर मात्र बहुतांशी ड्यूई यांचे दशांश वर्गीकरणच दिसते. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो, प्रतिमेला हार घातला जातो. प्रत्यक्षात रंगनाथन यांचे मोठेपण गुरूंकडून शिकून त्यांच्या पुढे जाण्यात होते.

दुसरी मर्यादा अशी की, एक व्यक्ती कितीशा ग्रंथपालांना घडवणार? म्हणून व्यवस्था उभारणे आवश्यकच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांचा विचार राष्ट्रीय पातळीवर झाला. १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि ग्रंथपालांसाठीही उजळणी वर्ग होऊ लागले. १९९१ मध्ये इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम सुरू झाला. आज नव्या योजनेचे समन्वयनही तेच करते. या संस्थांनी प्रशिक्षण दूरवर नेले, हे निःसंशय. परंतु उजळणी वर्ग काही आठवड्यांत संपतो, त्याचे प्रमाणपत्र पदोन्नतीच्या कागदपत्रांत लागते आणि ग्रंथपाल पुन्हा आपल्या महाविद्यालयात एकटा उरतो. १९२४ मध्ये रंगनाथन यांना ज्या एकांताने ग्रासले होते, तो हाच. त्यांना त्यातून बाहेर काढले ते प्रमाणपत्राने नव्हे, सेयर्स आणि रॉस यांच्या सहवासाने.

तेव्हा ६,००० कोटींच्या योजनेचे यश मोजताना किती लेख उतरवून घेतले गेले, एवढेच पाहून भागणार नाही. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक ग्रंथपालाला वर्षभर सल्ला देणारा, त्याचे काम पाहणारा एक अनुभवी ग्रंथपाल नेमून देता येईल का, याचाही विचार व्हावा. यास नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो ज्येष्ठांचा वेळ आणि त्या वेळेला कर्तव्याचा भाग मानणारी व्यवस्था. आणि विद्यार्थीमित्रांनो, आपल्या ग्रंथपालाकडे केवळ पुस्तक मागायला जाऊ नका, आपला प्रश्न घेऊन जा. चांगला प्रश्न विचारणारा वाचकही ग्रंथपालाला घडवत असतो.