शिपायाची फी : अमेरिकेतील माजी सैनिक आणि कम्युनिटी कॉलेज

१९३२ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठी झोपड्यांची एक वस्तीच उभी राहिली होती. तिच्यात राहणारे हजारो लोक पहिल्या महायुद्धात लढलेले सैनिक होते आणि अनेकांबरोबर त्यांची बायकामुलेही होती. युद्धसेवेचा मोबदला म्हणून १९२४च्या कायद्याने त्यांना प्रमाणपत्रे मिळाली होती. परंतु त्यांचे पैसे १९४५ साली हाती पडायचे होते. महामंदीने कामधंदा हिरावून घेतलेल्या या माणसांना ते पैसे तत्काळ हवे होते. सरकारचे उत्तर २८ जुलै रोजी आले. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या आदेशावरून जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन आपल्याच माजी सैनिकांना हुसकावून लावले. झोपड्या जळाल्या. पैसे अखेर मिळाले ते १९३६ साली.

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना या प्रसंगाची आठवण वॉशिंग्टनमध्ये कोणी विसरले नव्हते. सुमारे एक कोटी साठ लाख माणसे लष्करी सेवेत जाऊन परतणार होती. एवढे लोक एकाच वेळी रोजगाराच्या बाजारात उतरले तर काय होईल, ही धास्ती राज्यकर्त्यांना होती. कृतज्ञतेइतकीच ही धास्तीही पुढच्या कायद्याच्या मुळाशी आहे, हे मान्य करावयास हवे. १९४३च्या डिसेंबरात कॅन्सस राज्यातील टोपीका गावचे वकील हॅरी कॉल्मेरी मेफ्लॉवर हॉटेलच्या एका खोलीत बसले आणि हॉटेलच्याच कागदांवर त्यांनी या कायद्याचा मसुदा स्वहस्ते लिहून काढला. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे ते माजी राष्ट्रीय प्रमुख होते.

विधेयकाची वाट सोपी नव्हती. प्रतिनिधिगृहातील संबंधित समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे जॉन रँकिन, यांचा मुख्य रोष बेकारभत्त्यावर होता. परतलेल्या सैनिकाला काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे, अशी ती तरतूद होती आणि ती कृष्णवर्णीय सैनिकांनाही सारखीच लागू होणार, हे त्यांना सहन होत नव्हते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मते अडली. तेव्हा जॉर्जियात असलेले प्रतिनिधी जॉन गिब्सन यांना रात्रीतून शोधून काढण्यात आले, भरधाव मोटारीने फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला नेऊन विमानात बसवण्यात आले आणि सकाळी त्यांच्या मताने कोंडी फुटली. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकी शिपायाला बोलीभाषेत ‘जीआय’ म्हणतात; त्यावरून हा कायदा ‘जीआय बिल’ या नावाने प्रसिद्धीस आला. ज्या बेकारभत्त्यावरून एवढे रण माजले, त्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही पुढे खर्च झाला नाही!

शिक्षणाची तरतूद अशी होती : किमान ९० दिवस सेवा केलेल्या आणि बेअब्रूने बडतर्फ न झालेल्या सैनिकाची फी व पुस्तकांचा खर्च वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार थेट कॉलेजला देणार, शिवाय शिपायाच्या हाती निर्वाहभत्ता म्हणून महिन्याला ५० डॉलर, आणि अवलंबून असलेले कुटुंब असल्यास ७५. त्या काळी हार्वर्डची वर्षाची फी सुमारे ४०० डॉलर होती. म्हणजे शेतमजुराच्या मुलालाही, प्रवेश मिळाला तर, हार्वर्ड आणि गावातले साधे कॉलेज यांत पैशाच्या दृष्टीने काही फरक उरला नव्हता. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी याच कारणाने, शिक्षणसंस्थांचा दर्जा बुडेल, असा जाहीर इशारा दिला. त्यांची भीती खोटी ठरली. १९४७ साली कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. वर्ग अपुरे पडले म्हणून लष्कराचे पत्र्याचे अर्धगोल बराकीवजा निवारे कॉलेजांच्या आवारात उभे राहिले आणि विवाहित विद्यार्थ्यांच्या संसाराचे कपडे तेथील दोरीवर वाळू लागले. १९५६पर्यंत ७८ लाख सैनिकांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लाख कॉलेजांत गेले.

कायद्याच्या अक्षरात वर्णभेद नव्हता, अंमलबजावणीत मात्र होता. दक्षिणेकडील गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंदच होते आणि त्यांच्यासाठीची मोजकी कॉलेजे ओसंडून वाहत होती. युरोपात लढून आलेले मेडगर एव्हर्स मिसिसिपीतील अशाच एका कॉलेजात, अल्कॉर्न येथे शिकले. १९५४ साली त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी विभागाकडे अर्ज केला, तो नाकारण्यात आला. त्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून जेम्स मेरेडिथ यांनी प्रवेश घेतला तो १९६२ साली, संघराज्याच्या सशस्त्र बंदोबस्तात. तेही वायुदलातील माजी सैनिकच होते. हाती हक्काचे पैसे असूनही दार उघडत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दार सर्वांसाठी उघडे असलेले कॉलेज हवे, हा विचार याच काळात बळावला. दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी ‘ज्युनिअर कॉलेजे’ अमेरिकेत पूर्वीपासून होती (आपल्याकडील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्यांची गल्लत करू नये). इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील कॉलेज १९०१चे आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७च्या अहवालात शिफारस केली, की घराजवळ असणारी, नोकरी सांभाळून शिकता येणारी अशी ‘कम्युनिटी कॉलेजे’ देशभर काढावीत आणि पहिली दोन वर्षे फी आकारू नये. स्वतः ट्रुमन पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होते आणि त्यांच्यापाशी कॉलेजची पदवी नव्हती, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे.

या कॉलेजांचे भवितव्य ठरण्यात एका हिशेबी बदलाचाही वाटा आहे. १९४४च्या कायद्याचा गैरफायदा घेऊन रातोरात निघालेल्या काही धंदेशिक्षणाच्या संस्थांनी सरकारकडून भरमसाट फी उकळली होती. म्हणून कोरियातील युद्धानंतर, १९५२च्या कायद्याने कॉलेजला पैसे देणे थांबवले. एकट्या सैनिकाला महिन्याला ११० डॉलर थेट हाती मिळू लागले; फी, पुस्तके, खानावळ, सारे त्यातच. आता महागडे कॉलेज निवडणे म्हणजे घरखर्चाला चिमटा घेणे. कमी फीच्या सरकारी कॉलेजांकडे सैनिकांची पावले आपसूक वळली. व्हिएतनामच्या वेळी तर १९६६च्या कायद्याने हीच रक्कम १०० डॉलरवर आणली. चौदा वर्षांत महागाई वाढली आणि सैनिकाचे पैसे कमी झाले! हार्वर्डचे स्वप्न पित्याच्या पिढीने पाहिले. मुलाच्या पिढीला घराजवळचे कम्युनिटी कॉलेजच परवडत होते. साठच्या दशकात त्या कॉलेजांची संख्या दुपटीहून वाढली होती, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. १९७४ साली रक्कम वाढवणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला, तो संसदेने मोडून काढला.

दरम्यान सर्वसामान्य गरीब विद्यार्थ्यांसाठीही १९७२ साली परत न करावयाचे शिक्षण अनुदान सुरू झाले. १९८० पासून ते सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाते. आज कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या माजी सैनिकाला उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास हे अनुदान आणि सैनिकी लाभ दोन्ही घेता येतात. एकातून फी भागते, दुसऱ्यातून पाळणाघराचे पैसे वा गाडीची दुरुस्ती.

सैनिकी लाभांचे आजचे रूप २००८च्या कायद्याचे आहे. व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर जिम वेब यांनी तो मांडला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो अमलात आला. पूर्ण लाभास पात्र असलेल्याची सरकारी कॉलेजातील सारी फी पुन्हा थेट कॉलेजकडे जाऊ लागली. कॉलेज असलेल्या भागातील भाड्यांनुसार घरभत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १००० डॉलरपर्यंत रक्कम, असे ३६ महिने. ठरावीक सेवेच्या अटीवर हा लाभ पत्नीच्या, पतीच्या वा मुलांच्या नावे करता येतो. बेळगाव-महूसारख्या छावणीच्या गावांतील मराठी कुटुंबांना हा शेवटचा भाग ओळखीचा वाटेल. भारतात १९७१च्या युद्धानंतर हुतात्मा व अपंग सैनिकांच्या मुलांना शैक्षणिक सवलती मिळाल्या आणि २००६पासून माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडे सैनिकाच्या शिक्षणाचा विचार प्रामुख्याने पुढच्या पिढीच्या रूपाने झाला. अमेरिकेने प्रथम खुद्द सैनिकालाच बाकावर बसवले.

२०१७च्या सुधारणेने, १ जानेवारी २०१३ रोजी वा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी, पंधरा वर्षांच्या आत लाभ वापरण्याची अट काढून टाकली. या सुधारणेला हॅरी कॉल्मेरी यांचे नाव देण्यात आले आहे.

मात्र या साऱ्या कायद्यांचा अर्थ सैनिकाला कळतो तो कॉलेजच्या कार्यालयात. प्रत्येक कॉलेजात एक कर्मचारी सैनिकी लाभांसाठी नेमलेला असतो. विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले, ते त्याच्या अभ्यासक्रमाला आवश्यक आहेत का, एखादा मध्येच सोडला का, हे सारे तो सरकारला कळवतो. ते कळवल्याखेरीज पैसे येत नाहीत. अभ्यासक्रमाबाहेरचा विषय घेतला तर तो हिशेबात धरला जात नाही. सारे विषय घरबसल्या संगणकावर शिकले तर घरभत्ता देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो. तीस-पस्तीस वर्षांच्या, पदरी मुले असलेल्या विद्यार्थ्याला यातील एक चूक महिन्याच्या भाड्याएवढी महाग पडते. पूर्वी दोन सत्रांमधील सुटीतही भत्ता चालू राहत असे. २०११ साली तो बंद झाला. कम्युनिटी कॉलेज नाताळासाठी बंद होते, घरमालकाचे भाडे मात्र जानेवारीच्या पहिल्या तारखेला द्यावेच लागते. म्हणून अनुभवी कर्मचारी नव्या सैनिकाला विषयांची यादी देण्याआधी कॉलेजचे वार्षिक वेळापत्रक हाती देतो आणि सुटीचे आठवडे मोजून आधीच पैसे बाजूला ठेवायला सांगतो.