शिशाची गोळी, तांब्याची गोळी आणि सह्याद्रीतली शिकार

'गोळीच्या धातूचा इतिहास' असा विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "हा इतिहास आहे की केमिस्ट्री?" दोन्ही. आणि पीएचडीसाठी प्रश्न कसा घडवायचा हे समजावायला मला यापेक्षा सोपं उदाहरण सापडत नाही.

अमेरिका-युरोपात आज मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्यापुढे एक निवड असते. शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं कवच असलेली जुनी गोळी घ्यायची, की आत शिसं अजिबात नसलेली, एकसंध तांब्याची? मग सातारा-सांगलीच्या शिकारीच्या नोंदींमध्ये ही निवड कुठे दिसते?

आधी धातूंपासून सुरुवात करू. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ अंशांना. म्हणजे तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीची गोळी साध्या चुलीवर शिसं पातळ करून साच्यात ओतता येत होती. तांब्याला भट्टी हवी, भाता हवा. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६, त्यामुळे तेवढ्याच आकारात शिशाची गोळी जास्त वजनदार होते आणि लांबवर वेग टिकवते. तांबं आपल्याकडे नव्हतं असं अजिबात नाही. शिवराई तांब्याचीच होती, आणि तिचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतं. आजच्या मध्यम रायफलच्या तांब्याच्या गोळीचं वजनही त्याच्या आसपासच. धातू हाताशी होता, पण त्याची गोळी करायचं कारण नव्हतं.

कारण आलं १८८० नंतर. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार झाली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. त्या वेगाला उघडं शिसं नळीत घासून चिकटायला लागलं, म्हणून त्यावर कठीण धातूचं कवच चढवलं गेलं. पण पूर्ण कवचाची गोळी आरपार निघून जाते, फुलत नाही. मग कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात टोक उघडं ठेवलेली गोळी निघाली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. शिकारीला ते बंधन नव्हतं, त्यामुळे मऊ टोकाची गोळी तिथे टिकली. गंमत म्हणजे १८९८ मध्येच फ्रेंच सैन्याने शिशाशिवायची, तांबं-जस्ताच्या मिश्रधातूची एकसंध गोळी स्वीकारली होती. पण ती फुलणारी नव्हती.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथे कागदपत्रं शोधणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. 'सांगली जिल्हा' या नावाने जुन्या दप्तरात शोधलंत तर हाती फार काही लागणार नाही. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधीचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये बघायचे, आणि सांगली-मिरजेसाठी पटवर्धनांच्या संस्थानांची दप्तरं वेगळी चाळायची. नकाशा बदलला की दप्तराचा पत्ताही बदलतो.

यानंतर कायद्यांची तारीखवार यादी करा. १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा, १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. शेवटच्या कायद्याने हौसेच्या शिकारीवर कडक बंधनं आली. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प.

फुलणारी, पूर्ण तांब्याची शिकारी गोळी मात्र अमेरिकेतल्या बार्न्स कंपनीने बाजारात आणली १९८९ मध्ये. दोन तारखा शेजारी ठेवा: १९७२ आणि १९८९. निवड जन्माला येण्याआधी सतरा वर्षं आपल्याकडच्या शिकारीवर कडक बंधनं आली होती. त्यामुळे सह्याद्रीतल्या शिकारीच्या जुन्या वर्णनांत तांब्याची गोळी दिसलीच, तर ते तांब्याचं कवच समजायचं. आतमध्ये शिसंच.

तांब्याकडे शिकारी वळले त्यामागे पक्षी होते. वेगाने आदळलेल्या शिशाचे बारीक तुकडे मांसात पसरतात; क्ष-किरण चित्रात ते ठिपक्यांसारखे दिसतात. ते मांस खाऊन कॅलिफोर्नियातले कॉन्डोर विषबाधेने मरत होते. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आली. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उघडते आणि बहुतेक वजन राखते. पण तिच्याही अटी आहेत. तेवढ्याच वजनासाठी ती लांब करावी लागते, मग नळीतला पीळ जास्त घट्ट लागतो. आणि वेग कमी पडला तर ती उघडतच नाही.

इथेच नवखा संशोधक घसरू शकतो. कॉन्डोर शिशाने मेले, आपली गिधाडंही मेली, म्हणजे आपल्याकडेही शिसंच! तसं नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आपल्या उपखंडातल्या गिधाडांच्या मृत्यूचं कारण दाखवलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. परिणाम सारखा दिसला म्हणून कारण सारखं धरायचं नसतं.

मग आपल्यासाठी प्रश्न उरतो का? उरतो, फक्त जागा बदलते. १९७२ च्या कायद्यातलं कलम ११ उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी देऊ शकतं. रानडुक्कर त्यात बसतं. गवा अनुसूची १ मध्ये असल्याने पिकासाठी त्याला मारता येत नाही. शिराळा-पाटणच्या शेतकऱ्याला दोघांचाही त्रास होतो. गावात परवान्याची बंदूक असते ती बहुतेक बारा बोअरची, आणि तिच्या नेहमीच्या काडतुसात शिशाचे छर्रे असतात. एकसंध तांब्याच्या गोळीची सगळी चर्चा मात्र रायफलभोवती फिरते. म्हणजे 'तांबं की शिसं' हा प्रश्न जसाच्या तसा इथे आणून चालत नाही. इथला प्रश्न असा होतो: परवानगीने मारलेल्या डुकराचं पुढे काय होतं, ते पुरलं जातं की उघड्यावर राहतं, आणि त्यातलं शिसं कुणाच्या पोटात जातं?

हा प्रश्न मोजता येतो, तपासता येतो, आणि तो इथलाच आहे. संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा परदेशी पेपरमधला प्रश्न उचलायच्या आधी दोन रकाने आखा: तिकडच्या तारखा आणि इकडच्या तारखा. त्या जिथे जुळत नाहीत, तिथे तुमचा विषय असतो.