राजा, सर्जन आणि एक सही

इतिहासाच्या पुस्तकातले राजे एकतर रणांगणावर मरतात, नाहीतर विषप्रयोगाने. इंग्लंडचा दुसरा जॉर्ज गेला तो शौचाला बसलेला असताना. २५ ऑक्टोबर १७६०ची सकाळ, लंडनचा केन्सिंग्टन राजवाडा. ७६ वर्षांचा राजा नेहमीसारखा सहाला उठला, चॉकलेटचा पेला प्यायला आणि शौचाला गेला. थोड्या वेळाने आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. नोकर धावला, तर महाराज जमिनीवर. मग काही करण्यासारखं उरलंच नाही.

हसू येतं खरं, पण पुढची गोष्ट गंभीर आहे. फ्रँक निकोल्स या राजवैद्याने शवविच्छेदन केलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत सुमारे अर्धा लिटर साकळलेलं रक्त होतं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला आतून दीडेक इंचाची चीर गेली होती आणि त्या चिरेतून रक्त बाहेरच्या आवरणाखाली घुसलं होतं. त्याने हे सगळं व्यवस्थित लिहून रॉयल सोसायटीला कळवलं. आज डॉक्टर ज्याला अक्यूट अऑर्टिक डिसेक्शन म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या चांगल्या वर्णनांमध्ये हे मोजलं जातं.

हे डिसेक्शन म्हणजे काय? घडीची पोळी तव्यावर फुगते तेव्हा वाफ पदरांमध्ये शिरते आणि पदर सुटतात ना, तसंच काहीसं. महाधमनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की रक्त जोराने मधे घुसतं आणि पदर सुटत जातात. मेंदूकडे, हातापायांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फांद्या दबतात, नाहीतर धमनी बाहेरून फुटते. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी. हृदयाजवळचा भाग फाटला असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, असं डॉक्टरांचं जुनं गणित आहे.

फ्रान्सच्या लाएनेकने १८१९ मध्ये या आजाराला 'पदर सोडवणारा' अशा अर्थाचं नाव दिलं. नाव मिळालं, उपाय मात्र पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं मिळाला नाही.

तो दिला अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डिबेकींनी. आईबाप लेबनॉनहून आलेले. शिवणकाम ते लहानपणी आईकडून शिकले होते आणि तेच पुढे कामाला आलं. खराब धमनीच्या जागी कापडाची नळी बसवायची त्यांची कल्पना होती. नायलॉन आणायला दुकानात गेले, तर ते संपलेलं. दुकानदाराने डेक्रॉन दिलं. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी त्याच्या नळ्या शिवल्या! १९५४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डिसेक्शनचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. १९६५ मध्ये त्यांनी या आजाराचे तीन प्रकार पाडले. ती वर्गवारी आजही त्यांच्याच नावाने शिकवतात.

आता तारीख ३१ डिसेंबर २००५. डॉक्टर ९७ वर्षांचे. घरी अभ्यासिकेत एकटेच भाषणाची तयारी करत होते. अचानक छातीत आणि खांद्यांच्या मधोमध भयंकर कळ आली आणि मानेकडे सरकली. आधी वाटलं हार्ट अटॅक. मग त्यांनी स्वतःच ओळखलं की हे डिसेक्शन असावं. तरी रुग्णवाहिका बोलावली नाही. घरच्यांना सांगितलं की स्नायू दुखावलाय. तीन दिवसांनी स्कॅन झाला. निदान : डिबेकी वर्गवारीतला दुसरा प्रकार.

ऑपरेशनला त्यांनी नकार दिला. त्या वयात ते सोसून शरीराने किंवा बुद्धीने पंगू होऊन जगायची त्यांना धास्ती होती. २३ जानेवारीपर्यंत तर ते रुग्णालयातही दाखल झाले नाहीत. हृदय थांबलं तर सुरू करू नका आणि ऑपरेशन नको, अशा नोंदीवर त्यांची सही होती.

९ फेब्रुवारीला शुद्ध हरपली. महाधमनी फुगत चालली होती. त्यांनीच तयार केलेले डॉ. जॉर्ज नून ऑपरेशनला तयार होते, पण त्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ तयार होईनात. रात्री नीतिसमितीची बैठक बसली. बराच वेळ निर्णय होईना, तेव्हा पत्नी काट्रिन तडक आत शिरल्या आणि ऑपरेशन करा म्हणून हटून बसल्या. शेवटी परवानगी मिळाली. भूल द्यायला बाहेरून डॉक्टर आणावी लागली. सात तास लागले. नळी डेक्रॉनचीच!

पुढे कित्येक आठवडे व्हेंटिलेटर, डायलिसिस, कित्येक महिने रुग्णालय, दहा लाख डॉलरच्या वर खर्च. पण डॉक्टर बरे झाले, कामाला लागले आणि आपल्या सहकाऱ्यांनी केलं ते योग्यच केलं असं म्हणाले. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक घेतलं. ११ जुलै २००८ला, शंभरीला दोन महिने कमी असताना गेले.

मला या गोष्टीत त्या रात्रीची बैठक सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजाच्या बाबतीत निर्णयाचा प्रश्नच नव्हता. अडीचशे वर्षांत वैद्यकाने मरणाचं रूपांतर निर्णयात केलं, आणि तो निर्णय घरच्यांच्या अंगावर येऊन पडला. सही खरी होती, काट्रिनबाईंचा हट्टही खरा होता. शेवट चांगला झाला म्हणून आपण त्यांना शहाण्या म्हणतो. डॉक्टर अंथरुणाला खिळून राहिले असते, तर हेच लोक काय म्हणाले असते?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण ते बरं होण्याची आशा संपल्यानंतरच्या उपचारांबद्दल असतं. डिबेकींच्या बाबतीत आशा होती, थोडीशी. अशा वेळी कागद पुरत नाही. म्हाताऱ्या माणसाला 'ऑपरेशन हवं की नको' एवढंच विचारून भागत नाही, 'तुला नेमकी कशाची भीती वाटते' हे विचारावं लागतं. आणि ते आधी, चहा पिता पिता.

असो. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतायत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. बीपीची गोळी चुकवू नका. आणि छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नका. सत्तरीपुढे तर ही कळ नेहमीइतकी ठळक नसूही शकते. शिवाय हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली, तर यात ती घातक ठरू शकतात. म्हणून थेट रुग्णालयात जा, आणि दुखणं कुठून कुठे सरकलं ते डॉक्टरांना नीट सांगा.

तिसरी गोष्ट आई-बाबांसाठी. पुढच्या वेळी घरी आलो की वरचा प्रश्न विचारणार आहे. रागावू नका.