गळून पडलेली ओळ

बास्केटबॉलच्या शिबिरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाने वीस दिवस रोज फ्री थ्रो मारले, दुसऱ्याने काहीच केलं नाही, तिसऱ्याने डोळे मिटून रोज नुसता मनातल्या मनात सराव केला. पहिला गट 24 टक्क्यांनी सुधारला, तिसरा 23 टक्क्यांनी! मी शाळकरी मुलांना हा खेळ शिकवतो. ही गोष्ट इतक्या प्रशिक्षकांकडून ऐकली की तिचं मूळ शोधल्याशिवाय राहवेना.

छापील रूपात ती मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या 'सायको-सायबरनेटिक्स' या 1960 सालच्या पुस्तकात भेटते. मॉल्ट्झ न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन. पुस्तक स्वतःविषयीच्या कल्पना बदलून आयुष्य सुधारण्याबद्दलचं. मुलं किती होती, कोणत्या वयाची, आधी खेळलेली की नवखी, यातलं तिथे काही नाही. आहेत ते फक्त आकडे, आणि आकडेच पुढे प्रवासाला निघाले.

प्रत्यक्षात असे प्रयोग झाले होते. 1943 साली व्हँडेल, डेव्हिस आणि क्लगस्टन यांनी डार्ट आणि फ्री थ्रो घेऊन मनातल्या सरावाची परीक्षा पाहिली. वीस दिवस आणि तीन गट ही मांडणी तिथली. पण गट अगदी लहान होते. मग 1960 मध्ये क्लार्क यांचा अभ्यास 'रिसर्च क्वार्टर्ली'त छापून आला. त्यात हायस्कूलची 144 मुलं होती आणि कौशल्य होतं एका हाताने मारायचा फ्री थ्रो. निम्मी मुलं प्रत्यक्ष सराव करणारी, निम्मी मनात करणारी. क्लार्क यांनी मुलांचा अनुभव पाहून तीन थर पाडले होते, आणि त्या अभ्यासाचं खरं मोल तिथेच आहे. शाळेच्या मुख्य संघातली मुलं प्रत्यक्ष सरावाने 16 टक्के सुधारली, मनातल्या सरावाने 15. कनिष्ठ संघातली 24 आणि 23. नवखी मुलं मात्र 44 आणि 26.

शिबिरातले आकडे हेच, पण फक्त मधल्या ओळीतले. दोन वेगळ्या प्रयोगांची सरमिसळ होऊन गोष्ट तयार झाली असावी, असं मला वाटतं. नवख्यांची ओळ तिच्यातून गळाली, आणि माझ्यासमोर रोज उभी असतात ती नवखी मुलंच. ज्याने अजून बॉल नीट धरलेला नाही, त्याला प्रत्यक्ष सरावाऐवजी नुसतं डोळे मिटून बसवणं म्हणजे त्याचा बराचसा फायदा घालवणं. क्लार्क यांचा तक्ता हेच सांगत होता.

प्रयोगाचे तपशील नीट लिहिण्याचं मोल कळायला याच खेळाचा जन्म आठवावा. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले आणि जानेवारी 1892 मध्ये ते संस्थेच्या 'ट्रँगल' या पत्रात छापले गेले. ज्यांनी या खेळाचा पहिला सामना पाहिलाही नव्हता, त्यांना तो छापील मजकूर वाचून खेळ मांडता आला. वाचणाऱ्याला जसंच्या तसं करून पाहता यावं, इतकं स्पष्ट लिहायचं, हा धडा खेळाच्या पहिल्याच कागदात होता.

संशोधनात तो धडा डॉक्टरांनी आधी गिरवला. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल अर्धवट असतात म्हणून 1996 मध्ये 'कन्सॉर्ट' ही सूची आली: गट कसे पाडले, किती जण मधेच गळाले, सगळं लिहायचं. 2014 मध्ये 'टायडिअर' आली, नेमका उपचार काय दिला ते सांगायला लावणारी. आणि 2016 मध्ये खास व्यायामासाठी 'सर्ट', सोळा कलमांची. साधनं कोणती, शिकवणाऱ्याची पात्रता काय, देखरेख होती का, व्यायाम वाढवायचा कधी, ठरलेल्यापैकी किती प्रत्यक्षात झाला, हे सगळं त्यात येतं.

आपल्या खेळातल्या उडीच्या सरावाचे निबंध वाचताना मला हीच कलमं हवी असतात. 'आठवड्यातून तीनदा प्लायोमेट्रिक सराव' एवढ्या वाक्यावर मी मुलांना कशावरून उडी मारायला लावू? व्हर्खोशान्स्की या सोव्हिएत प्रशिक्षकाने उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर झेपावण्याच्या सरावासाठी 0.75 आणि 1.10 मीटर अशा उंच्या लिहून ठेवल्या होत्या. तयार खेळाडूंसाठीच्या त्या उंच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नाहीत, हे कळतं तेही त्या लिहिल्या होत्या म्हणूनच.

एम.पी.एड. किंवा पीएच.डी.साठी बास्केटबॉलवर प्रबंध लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बॉल पाच नंबरचा होता की सात, कोर्ट सिमेंटचं की लाकडी, उडी मोजताना हात झुलवू दिले की नाही, किती मुलं आली नाहीत, कुणाचा पाय मुरगळला, हे सगळं लिहा. आणि नवख्या मुलांचे आकडे वेगळ्या ओळीत द्या.